सहा दशांश स्थळे आणि सोयाबीनचा ढीग

युरोपीय संघाने २०२३ साली एक नियम मंजूर केला. त्याचा क्रमांक २०२३/१११५. जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर पिकलेला माल युरोपच्या बाजारात येऊ द्यायचा नाही, हे त्याचे सार. गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात वस्तू व त्यांपासून तयार होणारे अनेक पदार्थ त्याच्या कक्षेत येतात. आपल्याकडे या नियमाची चर्चा झाली ती वर्तमानपत्रांच्या व्यापारविषयक पानांवर, आणि तीही बहुतेक कर्नाटकातील कॉफीच्या निमित्ताने. प्रत्यक्षात नियम उघडून वाचला, तर त्यात व्यापाराइतकेच विज्ञान भरलेले दिसते. वनाची व्याख्या, झाडांची उंची, पर्णछत्राची टक्केवारी, अक्षांश-रेखांशांची अचूकता अशा गोष्टींवर त्याची सगळी इमारत उभी आहे. तेव्हा एखादे क्रमिक पुस्तक तपासावे, तसा हा नियम तपासून पाहावा असे आम्ही ठरवले.

बुलढाणा जिल्ह्यात बसून कॉफीचा विचार कशाला, असे कोणी विचारील. आमच्याकडे कॉफी पिकत नाही. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखले जाणारे ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे गाव मेळघाटात आहे, आणि त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे पश्चिमेकडचे टोक म्हणजे आमच्या संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य. पण चिखलदऱ्याची कॉफी अगदी थोडी. आमचा संबंध येतो तो यादीतील दुसऱ्या एका वस्तूमुळे. मेहकर, चिखली, लोणार या भागात खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन असते. त्याचे तेल देशात खपते, परंतु तेल काढल्यावर उरणारी पेंड परदेशी जाते. भारतात जनुक-परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, म्हणून तसे खाद्य गुरांना व कोंबड्यांना नको असलेले युरोपातील ग्राहक आपली पेंड घेतात. कॉफीच्या आयातदाराला जे करावे लागणार, तेच या पेंडीच्या आयातदारालाही. आणि तो जे विचारील त्याचे उत्तर शेवटी मेहकरच्या शेतकऱ्यालाच द्यावे लागणार.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. नियमाने विचारलेला प्रश्न योग्य आहे. मात्र जे मोजायला सोपे ते त्याने फार काटेकोरपणे मागितले आहे. मोजायला अवघड होते त्यातले काही वगळले आहे आणि काही दुसऱ्याच्या गळ्यात टाकले आहे.

प्रश्न योग्य का, ते पाहू. १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगातील सुमारे ४२ कोटी हेक्टर वन नष्ट झाले, असा अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. संपूर्ण युरोपीय संघाच्या क्षेत्रफळाहून हा आकडा मोठा आहे. यातली बरीचशी तोड शेतमालासाठी झाली आणि तो माल श्रीमंत देशांत खपला. झाड तोडणाऱ्याला पकडायचे, पण ज्याच्यासाठी तोडले त्याला मोकळे सोडायचे, ही जुनी रीत या नियमाने मोडली. आता जबाबदारी आयातदाराची. माल कोणत्या जमिनीवर पिकला, ती जमीन ३१ डिसेंबर २०२० नंतर वन तोडून मिळवलेली नाही ना, आणि माल त्या देशाच्या कायद्यानुसार पिकवला आहे ना, याची खातरजमा त्याने करायची. तसे निवेदन संगणकावर नोंदवून क्रमांक घ्यायचा, तरच माल बंदरातून सुटणार. खोटेपणा सापडला तर दंडाची कमाल मर्यादा वार्षिक उलाढालीच्या किमान ४ टक्के इतकी ठेवावी, असे सदस्य देशांना बजावले आहे. हे सगळे २०२४ च्या अखेरीस सुरू व्हायचे होते. ते एकदा पुढे गेले, मग डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा एकदा. आता मोठ्या व मध्यम व्यापाऱ्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि लहानांसाठी ३० जून २०२७ ही तारीख आहे. मे २०२५ मध्ये देशांची जी वर्गवारी जाहीर झाली, तीत भारत कमी धोक्याच्या गटात आहे. त्यामुळे आयातदाराला भारतीय मालाबाबत धोक्याचे मूल्यमापन करावे लागत नाही आणि सरकारी तपासणीही दरवर्षी १ टक्का व्यापाऱ्यांचीच होईल. तरीही जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतातच, त्यातून सुटका नाही.

आता हे अक्षांश-रेखांश किती अचूक हवेत? नियम म्हणतो, दशांश चिन्हानंतर किमान सहा अंक. वर्गात फळ्यावर करता येईल असा हिशेब आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक ११ किलोमीटरचा, तिसरा १११ मीटरचा, पाचवा एक मीटरच्या थोडा वर आणि सहावा ११ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे अर्ध्या वितीचा. शेतकऱ्याच्या हातातला मोबाइल उघड्या आकाशाखालीसुद्धा साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो आणि झाडाखाली त्याहून अधिक. म्हणजे पाचवा आणि सहावा अंक निव्वळ सजावटीचे. गंमत अशी, की भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो आहे. २०२० च्या अखेरीस जे शेत जिथे होते, तिथून ते आजपर्यंत वीतभर सरकले आहे आणि सहावा दशांश अंक आपोआप बदलला आहे! विज्ञान शिकवणाऱ्यांनी सार्थ अंकांचा पाठ घेताना हे उदाहरण अवश्य द्यावे. शाळेच्या ध्वजस्तंभाच्या पायाशी मोबाइल ठेवून आठ-दहा दिवस रोज नोंद घ्यावी आणि ते बिंदू आलेख कागदावर मांडावेत. एकाच स्तंभाचे किती बिंदू होतात आणि ते किती पसरतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेले बरे.

संगणकाला ठरावीक साच्यातली माहिती हवी असते, त्यासाठी सहा अंक मागितले, असे समर्थन करता येईल. ते मान्य करू. पण हाच नियम पुढे म्हणतो की चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीसाठी एकच बिंदू पुरे, हद्द आखून देण्याची गरज नाही. चार हेक्टर म्हणजे जवळजवळ दहा एकर. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र, २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार, १.३४ हेक्टर. म्हणजे आपल्या बहुसंख्य शेतकऱ्यांचा केवळ एक बिंदू जाणार. तो बिंदू शेताच्या मध्यावर असेल आणि कडेची अर्धा एकर झाडी परवा साफ झाली असेल, तर बिंदू काहीच सांगणार नाही. बिंदूची जागा अर्ध्या वितीपर्यंत अचूक आणि शेताची हद्द मात्र अज्ञात, असा हा प्रकार आहे.

मोजणीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न व्याख्येचा. नियमाने अन्न व कृषी संघटनेची व्याख्या जवळजवळ तशीच उचलली आहे. अर्ध्या हेक्टरहून अधिक जमीन, पाच मीटरहून उंच झाडे आणि दहा टक्क्यांहून अधिक पर्णछत्र असेल, किंवा तिथली झाडे पुढे तेवढी वाढू शकणार असतील, तर ते वन. मात्र जमीन मुख्यतः शेतीच्या किंवा वस्तीच्या वापरात असेल तर ते वन नव्हे. आकडे ताडून पाहू. अर्धा हेक्टर म्हणजे ५००० चौरस मीटर, त्याचे दहा टक्के ५०० चौरस मीटर. आठ मीटर व्यासाचा घेर असलेल्या कडुनिंबाची सावली सुमारे ५० चौरस मीटर पडते. म्हणजे सव्वा एकरात असे दहा-अकरा कडुनिंब असले की आकड्यांपुरते वन झाले. आमच्याकडच्या अनेक शेतांच्या बांधांवर एवढी झाडे असतात. त्या शेतांना वन म्हणायचे नाही, कारण तिथे शेती होते. म्हणजे अखेर निर्णय झाडांवर नाही, वापरावर अवलंबून आहे. आणि वापर उपग्रहाला दिसत नाही.

उपग्रहाला काय दिसते? झाडाचे हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हिरवाईचा निर्देशांक मिळतो. युरोपचे ‘सेंटिनेल-२’ उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि दहा मीटर लांबी-रुंदीचा चौकोन वेगळा टिपतात. सदाहरित जंगलात ही पद्धत छान चालते. पण बुलढाणा आणि खामगावच्या दरम्यानचे ज्ञानगंगा अभयारण्य एप्रिलमध्ये पाहा. साग, सालई, धावडा, सगळे निष्पर्ण. त्या महिन्यातल्या चित्रात जंगल उजाड दिसेल आणि ऑगस्टमधल्या चित्रात शेजारचे सोयाबीनचे शेत जंगलाइतकेच हिरवे. वर्षभराची चित्रे ओळीने लावली तरच फरक कळतो. सोयाबीनची हिरवाई जुलैत चढते आणि ऑक्टोबरमध्ये कापणीबरोबर एकदम उतरते, रानाची हिवाळा संपेपर्यंत हळूहळू ओसरते. हे जाणकारांना करता येते, होतेही. मात्र कमी पैशांत झटपट प्रमाणपत्र देणारी कंपनी ते करीलच असे नाही.

कॉफीच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. भारतातील कॉफी बहुतांशी सावलीत वाढते. कोडगू किंवा चिकमगळूरचा जुना मळा वरून पाहिला तर जंगलच वाटतो. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०२० सालच्या जागतिक वनांचा जो नकाशा तयार केला, त्यात सावलीतल्या कॉफीसारखी पिके वन म्हणून रंगवली जाण्याचा धोका आहे, आणि अशा मळ्यात सावली कमी करण्यासाठी दरवर्षी होणारी फांद्यांची छाटणी उपग्रहाला तोड वाटू शकते. निरपराध मळेवाला अशा रीतीने संशयित ठरतो. याउलट, खऱ्याखुऱ्या जंगलात वरची मोठी झाडे राखून खालचे रान साफ केले आणि तिथे कॉफी लावली, तर नियमाच्या शब्दांनुसार ती वनतोड आहे, कारण जमीन शेतीच्या वापरात गेली. पण वरचे छत्र शाबूत असल्याने चित्रात काहीच बदल दिसत नाही. तसेच जुन्या मळ्यातली देशी झाडे काढून त्या जागी ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक लावला, तर पक्षी-कीटकांच्या दृष्टीने मोठा फरक पडतो, नियमाच्या दृष्टीने शून्य.

आपणही यात धुतल्या तांदळाचे नाही. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन, मग जमीन कोणाचीही असो आणि झाडे कसलीही. त्यामुळे कॉफीचे मळे आणि फळबागा आपल्या सरकारी अहवालात वनात मोजल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशात वनाचा शब्दकोशातला अर्थ धरावा असे म्हटले, ते आणखी निराळे. तोच मळा दिल्लीच्या अहवालात वन आणि ब्रुसेल्सच्या नियमात शेत. परीक्षेत ‘वन म्हणजे काय?’ हा दोन गुणांचा प्रश्न घालण्यापूर्वी आपण थोडे थांबावे हे बरे.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र यापुढचा आहे. ज्या जमिनीवर झाडे विरळ आणि गवत मुख्य, ती या नियमात येतच नाही. याचा परिणाम काय होतो, त्याचा धडा ब्राझीलने दिला आहे. तिथल्या सोयाबीन व्यापाऱ्यांनी २००६ साली अॅमेझॉनमधील ताज्या तोडीवरचे सोयाबीन न घेण्याचा करार केला. करारापूर्वीच्या दोन वर्षांत त्या भागातील सोयाबीनच्या वाढीपैकी जवळजवळ ३० टक्के वाढ जंगल तोडून होत होती. २०१४ पर्यंत ते प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. यश मोठेच. पण सोयाबीनची मागणी थांबली नव्हती. शेजारच्या सेराडो या गवताळ, विरळ झाडांच्या विस्तीर्ण प्रदेशात नांगर चालतच राहिले आणि त्यातली सुमारे निम्मी नैसर्गिक वनस्पती आजवर नाहीशी झाली आहे. सेराडोचा बराचसा भाग दहा टक्के छत्राच्या कसोटीत बसत नाही. अशी इतर वृक्षाच्छादित जमीन नियमात घ्यावी का, याचा विचार पुढे करू असे नियमातच लिहिले आहे. तो विचार अगोदर व्हायला हवा होता.

आमच्या वऱ्हाडात सेराडो नाही, पण ई-क्लासची जमीन आहे. गावची गुरे चरण्यासाठी राखलेल्या या गायरानांवर पवन्या, कुसळीसारखे गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा पळस. महसुली भाषेत ही पडीक. शेजारच्या अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत अशाच माळांवर आणि लगतच्या पिकांत तणमोर हा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात दिसतो, आणि त्याच्या रक्षणात फासेपारधी समाजातील माणसे पुढे आहेत. असा माळ उद्या नांगरून तिथे सोयाबीन पेरले, तर युरोपच्या नियमानुसार वनतोड झालेली नाही, कारण मुळात वनच नव्हते. आता शेती कायद्यानुसार असावी ही दुसरी अट आहे, आणि गायरानावरचे अतिक्रमण तीत सापडू शकेल. पण तेही कागदावर. उपग्रहाच्या नकाशात अतिक्रमण दिसत नाही.

२०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यासह तेराशेहून अधिक किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटेची नोंद उपग्रहामार्फत मिळत होती. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातून झालेल्या त्या प्रवासात जंगलाचे तुकडे होते, तशी कापसाची व सोयाबीनची शेते, नाले आणि माळही होते. वाघाने दहा टक्के छत्राची अट लावली असती तर तो यवतमाळ जिल्ह्याबाहेर पडलाच नसता.

तारखेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जे तुटले ते माफ. कोठेतरी रेघ ओढावी लागते हे खरे, आणि ती मागे नेली तर पुरावे मिळत नाहीत हेही खरे. पण वऱ्हाडच्या माणसाला या माफीत एक इतिहास दिसतो. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडातील कापसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा लोहमार्गाचा फाटा केवळ खामगावच्या कापसासाठी टाकला गेला. आमच्या माळांवर नांगर फिरला तो युरोपच्याच मागणीने. आज त्या जुन्या कापसाच्या आणि ज्वारीच्या रानात सोयाबीन पेरणाऱ्याने आपण जंगल तोडले नसल्याचे सिद्ध करायचे आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६६० चौरस किलोमीटर आणि त्यात वनाच्छादन दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तोडायला रान उरले आहे तरी कोठे? जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोंगरपट्ट्यात जे उरले आहे, तिथे वनहक्क कायद्याची १३ डिसेंबर २००५ ही वेगळीच तारीख लागू आहे. त्या तारखेपूर्वीपासून जमीन कसणाऱ्या पण दाव्याचा निकाल न लागलेल्या आदिवासी शेतकऱ्याचे पीक कायदेशीर की बेकायदेशीर, हे युरोपातला आयातदार कसे ठरवणार? तो सोपा मार्ग घेईल: तिथला माल नको म्हणेल.

शेवटी ढिगाचा प्रश्न, आणि आमच्या मते खरी अडचण हीच. शेताचा बिंदू मिळवणे तितकेसे अवघड राहिलेले नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि त्यासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. कॉफी बोर्डानेही मळेवाल्यांची अशीच नोंदणी हाती घेतली आहे. पण माल बाजार समितीच्या आवारात येतो तेव्हा काय होते? हर्रास होतो, काटा होतो, आणि व्यापाऱ्याच्या गोदामात दहा गावांचे कट्टे एका ढिगात रिकामे होतात. अडत्याच्या पट्टीवर शेतकऱ्याचे नाव आणि वजन असते, गट क्रमांक सहसा नसतो. ढिगातला दाणा कोणाचा, हे त्या क्षणापासून कोणालाही सांगता येत नाही. नियम मात्र म्हणतो की माहीत असलेला आणि माहीत नसलेला माल मिसळलेला चालणार नाही. मिसळला असेल तर ढिगात येऊ शकणाऱ्या प्रत्येक शेताचा बिंदू द्या, आणि त्यातले एक जरी शेत नापास झाले तर सगळा ढीग नापास.

याचा बोजा कोणावर किती पडतो, ते आकड्यांतच पाहू. कॉफीच्या एका कंटेनरात ६० किलोची ३२० पोती, म्हणजे १९.२ टन माल मावतो. हेक्टरी ८०० किलो उत्पादन धरले तर तो २४ हेक्टरांचा. दोन-दोन हेक्टरांचे बारा मळे. बारा मळेवाल्यांचे बिंदू गोळा करणे फार कठीण नाही. म्हणून कॉफीचे मोठे खरेदीदार मळे मोजून घेतात, त्यांचा माल गोदामात वेगळा ठेवतात आणि निभावून नेतात. सोयापेंड जहाजाने जाते. २०,००० टन पेंडीसाठी सुमारे २५,००० टन सोयाबीन लागते. हेक्टरी एक टन धरले तर २५,००० हेक्टर, आणि १.३४ हेक्टरांची सरासरी धरली तर साडेअठरा हजार शेतकरी. एका जहाजासाठी साडेअठरा हजार बिंदू, आणि त्यांपैकी प्रत्येकाचा कट्टा शेतापासून बंदरापर्यंत बिनओळखीच्या कट्ट्यांपासून वेगळा. ब्राझीलमध्ये हजार हेक्टरांचे शेत असणाऱ्याला तेवढ्याच मालासाठी पंचवीस हद्दी आखून द्याव्या लागतील. तिथे हेक्टरी उत्पादन अधिक असल्याने त्याहूनही कमी. जंगलाच्या अगदी कडेला नांगर चालवणाऱ्या देशातला मोठा शेतकरी या परीक्षेत सहज पास होतो आणि दीडशे वर्षांपासून उघड्या असलेल्या रानात पेरणारा लहान शेतकरी पुराव्याअभावी बाद होतो.

यावर उपाय अगदीच नाही असे नाही. ई-पीक पाहणीची नोंद आणि बाजार समितीची पट्टी यांना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. पट्टीवर त्यासाठी एक रकाना वाढवला आणि निर्यातीचा माल वेगळ्या गोदामात उतरवला, तर निम्मे काम होते. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे बाजार समितीपेक्षा लवकर जमेल, कारण त्यांचे सभासद ठरलेले असतात आणि त्यांचे गट क्रमांक दप्तरात असतात. पण वेगळे गोदाम, वेगळा काटा, वेगळी वाहतूक यांचा खर्च क्विंटलमागे कोणीतरी सोसला पाहिजे. नियमाच्या छापील मजकुरात आयातदाराने कोणती माहिती गोळा करावी याची लांबलचक यादी आहे. ती माहिती पुरवणाऱ्या शेतकऱ्याला वाढीव भाव द्यावा, असे त्यात कोठेही बंधन नाही.